नवीन दत्तक कुत्रं आणि घरातली शू-शी: कोल्हापूरच्या घरांसाठी धागा

पंचगंगाकाठ

रस्त्यावरचं किंवा निवाऱ्यातलं कुत्रं घरी आणलं की दोन-तीन दिवसांत एकच प्रश्न येतो. अर्धा तास फिरवून आणलं, तिथं काही केलं नाही आणि दारात पाऊल टाकताच दिवाणखान्यात मोकळं झालं. त्यासाठी हा धागा. माहिती असणाऱ्यांनी नेमकं लिहा, वेळ आणि माप सांगून.

सुरुवात करतो. कुत्रं जागा ठरवतं ते दोन गोष्टींवरून: पायाखाली काय लागतंय आणि तिथं आधीचा वास आहे का. पायाखालच्या पृष्ठभागाची आवड साधारण दोन महिन्यांच्या वयापासूनच पक्की व्हायला लागते. गल्लीत वाढलेल्या देशी कुत्र्याला माती, गवत, बांधकामाची वाळू हीच आपली जागा वाटते. असं मोठं कुत्रं घरी आणलं तर काम निम्मं झालेलंच असतं. पिंजऱ्यात सिमेंटच्या कोब्यावर वाढलेल्याचं उलटं असतं. त्याला कोबा म्हणजेच संडास, आणि आपली फरशी त्याला तशीच लागते. म्हणून आणताना पहिली चौकशी ही करा की ते आजवर कशावर राहिलंय. जातीपेक्षा ही माहिती कामाची.

पहिले चौदा दिवस सगळं घर मोकळं सोडायचं नाही. एक खोली किंवा खोलीचा एक भाग द्यायचा, दाराला कमरेएवढी जाळी लावायची. तुम्ही खोलीत असाल तेव्हा त्याचा सहा फुटी पट्टा आपल्या कमरेला बांधा, म्हणजे ते नजरेआड जात नाही. साखळी नको, तिच्या आवाजानं नवीन कुत्रं बिचकतं.

बाहेर न्यायच्या वेळा ठरलेल्या: झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यावर ५ ते ३० मिनिटांत, खेळ संपल्यावर आणि रात्री झोपण्याआधी. पोटात अन्न गेलं की आतडं आपोआप हलतं, त्यामुळं जेवणानंतरची फेरी कधी चुकवू नका. याशिवाय पहिला आठवडा दिवसा दर दोन तासांनी. पिल्लाचं गणित सोपं आहे, महिन्यांत जेवढं वय त्यात एक मिळवा, फार तर तेवढे तास ते धरू शकतं. म्हणजे तीन महिन्यांचं पिल्लू जास्तीत जास्त चार तास, तेही झोपलेलं असेल तर. मोठं निरोगी कुत्रं सहा ते आठ तास धरतं, पण नव्या घरात आल्या आल्या ती अपेक्षा धरू नका.

रोज त्याच दारानं, त्याच जागी न्या आणि उभे राहा. फिरवू नका. दहा फुटांच्या आत त्याला हुंगू द्या, पाच मिनिटं थांबा. करायला बसलं की एकच शब्द हळू आवाजात म्हणा, ‘शू’ म्हणा नाहीतर आणखी काही, पण घरातल्या सगळ्यांनी तोच म्हणायचा. पूर्ण झालं की दोन सेकंदांच्या आत तिथंच खाऊ द्यायचा, हरभऱ्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा. घरात येऊन दिला तर त्याला वाटतं की खाऊ घरात येण्याचा आहे. पाच मिनिटांत काही केलं नाही तर परत आणा, पट्टा हातातच ठेवा, दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा न्या. घोटाळा होतो तो याच पंधरा मिनिटांत, कारण माणूस पट्टा सोडून चहा ठेवायला जातो.

आणखी एक. केल्याबरोबर घरी आणू नका. तसं केलं तर चार दिवसांत ते शिकतं की शू केली की फिरणं संपतं, मग धरून ठेवतं. आधी काम, मग दहा मिनिटं फिरणं, असा क्रम ठेवा.

राजारामपुरी_आठवी_गल्ली

दादा, फार उपयोगी. प्रश्न असा: दीड वर्षाची मादी, नसबंदी झालेली, तिसरा मजला, खाली रस्ता आणि सतत गाड्या. ती बाहेर अजिबात करत नाही, शेपूट पायांत घालून दारातच बसते. घरात मात्र पायपुसण्यावर करते, दिवसातून तीनदा. ओरडून उपयोग होत नाही.

नागाळा_पार्क

ताई, ओरडणं आजच बंद करा. ओरडल्यावर कुत्रं ‘घरात करायचं नाही’ हे शिकत नाही, ‘या माणसासमोर करायचं नाही’ हे शिकतं. मग ते सोफ्यामागं जाऊन करतं, बाहेर तुमच्यासमोर करतच नाही. नाक घासणं, वर्तमानपत्राची गुंडाळी दाखवणं, सगळं त्याच खात्यात जातं. दहा मिनिटांपूर्वीची शू दाखवून रागावलात तर त्याचा संबंध त्याला लागत नाही. कान पाडून बसतं ते तुमच्या चेहऱ्याला भिऊन. समोर करताना दिसलं तर टाळी न वाजवता ‘चल चल’ म्हणत उचला किंवा पट्ट्यानं बाहेर न्या. उरलेली बाहेर केली तर तिथं खाऊ.

तुमच्या मादीला बाहेरची भीती आहे. भ्यालेलं कुत्रं मोकळं होत नाही, कारण करताना ते अगदी असहाय असतं. तिला गाड्या कमी असतील तेव्हा न्या, पहाटे पाच-साडेपाच आणि रात्री अकराच्या पुढं. जिन्याखाली किंवा पार्किंगच्या मागच्या बाजूला जिथं थोडी माती असेल ती जागा ठरवा. पहिले तीन-चार दिवस तिथं नुसतं उभं राहून खाऊ खाणं एवढंच काम. शरीर पट्टा (छातीभोवती बांधायचा, हार्नेस) घाला, गळपट्टा नको, भ्यालेलं कुत्रं मान मागं ओढून गळपट्ट्यातून सुटतं. पहिले दोन महिने शरीर पट्ट्याला एक आणि गळ्याला एक असे दोन पट्टे असले तरी चालतील.

पायपुसणी उचला. सगळी. मऊ आणि शोषून घेणारं कापड पायाला गवतासारखं लागतं. जमिनीवर अंथरलेली वाकळ, गालिचा, पडलेले टॉवेल, हे सहा आठवडे वर. तिचं एक ओलं पायपुसणं मात्र धुऊ नका, पिशवीत घालून खालच्या ठरलेल्या जागी अंथरा. तिचाच वास तिला जागा सांगतो.

फरशीवाला

स्वच्छतेवर लिहितो, कारण इथं सगळ्यांत जास्त चुका होतात.

आपल्याकडं जुन्या घरांत, वाड्यांत शहाबादी आहे. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. इंटरनेटवर सगळीकडं ‘व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं’ लिहिलेलं असतं, ते सिरॅमिक टाइल्सला ठीक आहे. शहाबादीवर आणि संगमरवरावर आम्ल पडलं की दगड झिजतो, पांढुरके डाग पडतात. पृष्ठभाग खडबडीत झाला की पुढची शू आणखी आत मुरते. लिंबू आणि टॉयलेटचं ॲसिड यांचंही तेच.

काळं फिनेल वापरू नका. त्यातले फिनॉल कुत्र्याच्या पंजाला लागतात, ते पंजा चाटतं आणि विष पोटात जातं. शिवाय उग्र वासानं आपलं नाक फसतं, कुत्र्याचं नाही. अमोनिया असलेला फरशी-क्लीनर तर उलटा परिणाम करतो, शूतही अमोनियाचाच वास असतो. ब्लीचिंग शूवर थेट ओतू नका, त्यातून डोळे-घसा जाळणारा वायू निघतो.

बरोबर पद्धत अशी: आधी जुन्या सुती कापडानं दाबून टिपून घ्या, पुसू नका. पुसलं की पसरतं. मग साध्या पाण्यानं एकदा धुऊन टिपा. त्यानंतर प्राण्यांच्या दुकानात मिळणारं एन्झाइमचं (शूचा वास मुळातून मोडणारं) क्लीनर, डागाच्या दुप्पट जागेवर, कडेच्या सांध्यांसकट भिजेल इतकं. १० ते १५ मिनिटं तसंच ठेवा, मग हवेवर वाळू द्या. पंखा लावून घाईनं वाळवलं तर एन्झाइमचं काम अर्ध्यावर राहतं. त्याआधी फिनेल किंवा साबण मारला असेल तर पाण्यानं पूर्ण काढा, नाहीतर एन्झाइम मरतं. जुना डाग असेल तर तीन दिवस रोज एकदा.

एन्झाइम मिळालं नाही तर खाण्याचा सोडा पसरा, त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड. मेडिकलमध्ये बहुतेक ठिकाणी ६ टक्क्यांची बाटली मिळते, बाटलीवर बघून घ्या आणि तेवढंच पाणी घालून ३ टक्के करा. फेस येऊन बसला की टिपून घ्या. आधी कोपऱ्यात करून बघा, रंगीत फरशीचा आणि कापडाचा रंग उडू शकतो.

डाग सापडत नसेल तर रात्री दिवे बंद करून अतिनील टॉर्च फिरवा. जुनी शू पिवळट-हिरवट चमकते. टॉर्च नसेल तर सकाळी खोली बंद ठेवून दुपारी उघडा, नाकाला कोपरा कळतो.

पांढरा_रस्सा

खाण्याचा संबंध कुणी लिहिला नाही अजून. घरात शी करण्याच्या बऱ्याच तक्रारी या पोट बिघडल्याच्या असतात. जुलाब लागलेल्या कुत्र्याला किती शिकवलं तरी ते धरू शकत नाही.

आपल्याकडं रविवारचं उरलेलं मटण-भाकरी कुत्र्याला घालायची पद्धत आहे. कृपा करून घालू नका. कांदा-लसूण मसाला कुत्र्याला नुसता तिखट म्हणून वाईट आहे असं नाही. कांदा आणि लसूण त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवून किंवा वाळवून ते कमी होत नाही. शिजलेलं हाड तुटून अणकुचीदार होतं, आतडं फाटू शकतं. दूध-चपातीनंही बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना पातळ होतं, दूध पचवणारं एन्झाइम वयाबरोबर कमी होतं.

पहिले दोन आठवडे साधं ठेवा: भात आणि हाडं काढलेलं उकडलेलं चिकन, मीठ-मसाला नाही. नाहीतर आधी जे खात होतं तेच, आणि नवीन खाणं सात दिवसांत थोडं थोडं मिसळत बदला. पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा, मोठ्याला दोन वेळा, ठरलेल्या वेळी. भांडं १५-२० मिनिटांनी उचला. दिवसभर भांडं भरलेलं असेल तर शीची वेळ कधीच ठरणार नाही.

पाणी मात्र तोडायचं नाही. कुत्र्याला दिवसाला किलोमागं साधारण ५० ते ६० मिली लागतं, उन्हाळ्यात जास्त. फक्त पिल्लाचं भांडं झोपण्याआधी दीड तास उचललं तर चालतं, तेही एप्रिल-मे सोडून.

राजारामपुरी_आठवी_गल्ली

पायपुसणी उचलली. पाहुणे आले की तिथंच उभ्या उभ्या थोडी करते, ती भीतीची का?

नागाळा_पार्क

ती शू वेगळी, ताई. सवयीची नव्हे. लहान कुत्रं मोठ्यासमोर ‘मी तुझ्याशी भांडत नाही’ हे सांगायला करतं तशी. कान मागं, अंग खाली, कधी पाठीवर लोळण. रागावलात तर वाढते. पाहुण्यांना सांगा, आल्या आल्या तिच्याकडं बघू नका, वाकून डोक्यावर हात ठेवू नका. बाजूला तोंड करून खाली बसा, ती आली तर छातीखाली खाजवा. आणि बेल वाजायच्या आधीच तिला खाली नेऊन आणा. बहुतेकींचं काही महिन्यांत आपोआप थांबतं.

झोपेत अंथरूण ओलं होत असेल तर ते आणखी वेगळं. नसबंदी झालेल्या काही मादींचा मूत्रमार्गाचा स्नायू सैल पडतो, त्यावर औषध आहे. डॉक्टरांना सांगा.

उचगाव_फाटा

आमच्याकडच्या घरांसाठी विचारतो. पुढं अंगण, तुळस, मागं गोठा. नर कुत्रं तुळशी वृंदावनावरच पाय वर करतं. घरातली वडीलधारी माणसं म्हणतात कुत्रं परत सोडा. काय करावं?

पंचगंगाकाठ

परत सोडू नका, यावर इलाज आहे. हे निशाणी टाकणं, मूत्राशय मोकळं करणं नव्हे. ओळखायचं कसं: उभ्या वस्तूवर, थोडीशी, एकामागून एक तीन-चार ठिकाणी. तळं साचलं असेल तर ती खरी शू. वृंदावन अंगणाच्या मधोमध, उभं, ओल्या मातीचं आणि सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, म्हणजे निशाणीला सगळ्यांत सोयीचं. बाहेरच्या कुत्र्यानं तिथं आधी केलं असेल तर आपलं कुत्रं त्यावर करणारच.

वृंदावन धुऊन काढा, वर लिहिलेल्या पद्धतीनं, दगडी असेल तर आम्ल नको. भोवती दोन फूट उंच जाळी सहा आठवडे लावा. बाहेरची कुत्री अंगणात येत असतील तर फाटकाखालची फट बुजवा. आणि त्याला दुसरी उभी वस्तू द्या: मागच्या बाजूला एक लाकडी खुंट पुरा, त्यावर त्याची शू टिपलेलं फडकं गुंडाळा, रोज सकाळी आधी तिथं न्या, खाऊ द्या. नसबंदी केली की बऱ्याच नरांत हे कमी होतं. पण सवय दोन-तीन वर्षं मुरलेली असेल तर नुसत्या नसबंदीनं जात नाही, दोन्ही करावं लागतं.

सारवलेल्या अंगणाबद्दल: सारवण म्हणजे कुत्र्याला मातीच. तिथं शू झाली तर वरचा अर्धा इंच थर खरवडून काढा आणि नव्यानं सारवा, नुसतं वरून सारवलं तर खालचा वास तसाच राहतो.

करवीरचा_पाहुणा

पिल्लांबद्दल एक इशारा, वरच्या सगळ्यापेक्षा महत्त्वाचा. लसीकरण पूर्ण व्हायच्या आत पिल्लाला रस्त्यावर, बागेत, रंकाळ्यावर जमिनीवर सोडू नका. पार्वोचा (पिल्लांच्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या आजाराचा) विषाणू मातीत कित्येक महिने जगतो, आजारी कुत्र्याची शी वाळून गेलेली असली तरी. लसी सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होतात, तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळाव्या आठवड्यापर्यंत. रेबीजची साधारण तिसऱ्या महिन्यात. तोवर शिकवण घरातच, मातीच्या ट्रेवर.

ट्रे असा: पत्र्याचा किंवा जाड प्लॅस्टिकचा, कुत्र्याच्या लांबीच्या दुप्पट, कडा तीन इंच. त्यात दोन इंच वाळू किंवा नर्सरीतली लाल माती. आपल्याकडं गुऱ्हाळाची चिपाडं फुकट मिळतात म्हणून काही जण ती भरतात. नको, त्यात साखर उरलेली असते, मुंग्या लागतात आणि आंबूस वास सुटतो. लाकडाचा भुसा पायाला चिकटून घरभर होतो. शी लगेच उचला, ओली वाळू रोज काढा, सगळी दर आठवड्याला बदला. रद्दीवर शिकवू नका. नंतर जमिनीवर पडलेला कुठलाही कागद त्याला संडास वाटतो.

लसी झाल्या की ट्रे रोज एक फूट दाराकडं सरकवा. एकदम बाल्कनीत नेला तर पिल्लू जुन्या जागेवरच करतं.

राजारामपुरी_आठवी_गल्ली

पावसाळ्यात काय? जुलैत इथं आठ-आठ दिवस उघडीप नसते.

करवीरचा_पाहुणा

म्हणूनच मोठ्या कुत्र्यालाही ट्रे शिकवून ठेवा. देशी कुत्री पाऊस टाळतात, चौदा-पंधरा तास धरून ठेवतील, मग रात्री घरात करतील. पत्र्याखाली किंवा सज्जाखाली चार बाय चार फूट कोरडी जागा करा, तिथं ट्रेमधली मूठभर वाळू टाका. पावसाचा जोर कमी झाला की घड्याळ न बघता लगेच न्या.

साचलेल्या पाण्यातून नेऊ नका. उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) पसरतो, तो माणसालाही होतो. त्याची लस वर्षातून एकदा असते, पावसाळ्याआधी द्या. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, सुतारवाडा या भागांत पाणी शिरलं होतं. अशा ठिकाणी राहणाऱ्यांच्या कुत्र्याला ट्रेची सवय असेल तर वरच्या मजल्यावर अडकूनही, नातेवाइकांकडं हलवूनही अडचण होत नाही.

गच्चीवर नेणाऱ्यांसाठी: गच्चीची फरशी आणि घरातली फरशी कुत्र्याला एकच लागते. तिथंही ट्रेच ठेवा. उन्हाळ्यात गच्चीवर उलटा हात सात सेकंद ठेवून बघा, तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही नाही.

गणपती विसर्जनाला आणि दिवाळीला आवाज सुरू व्हायच्या आधी, संध्याकाळी पाचच्या आत फेरी उरका. त्या आठवड्यात घरात झालं तर ते शिकवण विसरलं असं समजू नका.

पांढरा_रस्सा

शी उचलण्याचं एक वाक्य: रद्दीनं उचला, कागद कचऱ्यात आणि शी घरच्या संडासात. परसातल्या भाजीच्या खतात नको, जंतांची अंडी मातीत वर्षानुवर्षं राहतात. गटारात लोटू नका, ती पुढं नाल्यानं पंचगंगेलाच जाते. सोसायटीतली निम्मी भांडणं उचलण्यानं मिटतात.

राजारामपुरी_आठवी_गल्ली

दोन आठवडे झाले. पहाटे पार्किंगमागं करायला लागली, रोज खाऊ देतोय. पण कालपासून घरात दर तासाला थोडी थोडी करतेय. परत मागं गेलं का सगळं?

नागाळा_पार्क

ताई, ही शिकवणीची बाब नाही. नीट चाललेलं अचानक बिघडलं, वारंवार आणि थोडी थोडी, तर आधी मूत्रमार्गाचा संसर्ग तपासायचा. उद्या सकाळची पहिली शू घ्या. सुरुवातीची थोडी सोडून मधली, लांब दांड्याची पळी किंवा उथळ स्वच्छ डबी तिच्या मागून हळूच धरून. २० मिली पुरे. डबी आधी उकळत्या पाण्यानं धुऊन वाळवा, साबण नको. तासा-दोन तासांत डॉक्टरांकडं पोचवा, उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नाही.

रंग बघा. लालसर किंवा काळ्या चहासारखी असेल, अंगावर गोचीड दिसली असेल, खात नसेल, तर सकाळची वाट बघू नका, आजच न्या. गोचिडीतून होणाऱ्या बेबेसिया या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि तो रंग शूत उतरतो. पाणी नेहमीपेक्षा दुप्पट पितेय का तेही मोजून सांगा, सकाळी भांड्यात एक लिटर मोजून घाला आणि रात्री उरलेलं मोजा. उपचार सुरू असताना घरात झालं तर नुसतं टिपा, एन्झाइम मारा, काही बोलू नका. फेऱ्या दर तासाला.

राजारामपुरी_आठवी_गल्ली

रंग पिवळाच आहे, गोचीड नाही, खातेय. डबी उकळून ठेवली. पहाटे पाचला घेतो नमुना.